साठ जवानांची तुकडी आणि एका पोलीस अधिकाऱ्याची कारकीर्द : गडचिरोली, १९९०

१ डिसेंबर १९९० रोजी गडचिरोली जिल्हा पोलीस दलात नक्षलवाद्यांचा सामना करण्यासाठी साठ जवानांची एक वेगळी तुकडी उभी राहिली. तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ती उभारली आणि जवानांच्या संख्येवरूनच तिला ‘सी-६०’ हे नाव पडले. हेच अधिकारी पुढे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे, म्हणजे एटीएसचे, प्रमुख झाले. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले तेव्हा तपास त्यांच्या पथकाकडे आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हेमंत करकरे शहीद झाल्यावर त्या पथकाची सूत्रे पुन्हा रघुवंशींकडे आली आणि त्यानंतर ते ठाण्याचे पोलीस आयुक्त झाले. महानगराची सुरक्षा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची कारकीर्द म्हणून या प्रवासाकडे पाहिले, तर गडचिरोली हा त्यातला एक सुरुवातीचा मुक्काम ठरतो.

वडसा, आरमोरी, चामोर्शी, ब्रह्मपुरी अशा गावांतल्या अभ्यासिकांत पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली अधिकाऱ्यांच्या कारकिर्दी पदांच्या शिडीसारख्या वाचतात : कोणत्या वर्षी कोणते पद, कोणते शहर, कोणते पदक. ही वाचण्याची रीत मला अपुरी वाटते. अधीक्षक एका जिल्ह्यात दोन-तीन वर्षे असतो, पण त्याने तिथे घेतलेल्या निर्णयाचे आयुष्य त्या मुदतीशी बांधलेले नसते. म्हणून या प्रकरणात अधिकाऱ्याच्या पुढच्या पदांपेक्षा त्याने मागे ठेवलेली गोष्ट जास्त बारकाईने पाहिली आहे. ती पस्तीस वर्षे का टिकली, तिची किंमत कोणी मोजली, आणि जंगलातल्या जिल्ह्यात उपयोगी पडलेल्या शहाणपणातले काय महानगरात चालले आणि काय चालले नाही, हे तीन प्रश्न समोर ठेवले आहेत.

जिल्हा आणि अडचण

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. रेल्वे जिल्ह्याला जेमतेम शिवून जाई, ती उत्तरेच्या टोकाला वडशाला. दक्षिणेचे सिरोंचा जिल्हा ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या घरात, आणि भामरागड तर पर्लकोटा नदीला पूर आला की आजही बाकीच्या जिल्ह्यापासून तुटते. मराठी ही सरकारी कामाची भाषा असली तरी एटापल्ली-भामरागडच्या गावांत माडिया आणि गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, सीमेवरच्या गावांत छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा भागातल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते.

१९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातून पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेची दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, प्राणहिता नदी ओलांडून सिरोंचा-अहेरी भागात येऊ लागली. त्यांनी सुरुवातीला हाती घेतलेले विषय लोकांच्या रोजच्या पोटाचे होते : तेंदूपानाच्या पुड्याचा भाव, बांबूकटाईची मजुरी, वनखात्याच्या खालच्या कर्मचाऱ्यांची दंडेली, ठेकेदाराचे माप. या प्रश्नांत तथ्य होते आणि सरकारी यंत्रणा त्यांबाबत उदासीन होती, हे मान्य केल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. दलमचे लोक गावात मुक्काम करीत, गोंडीत बोलत आणि गावाची नड त्यांना ठाऊक असे. पुढे याच चळवळीने जनअदालती, म्हणजे स्वतःची न्यायालये, भरवल्या, पोलिसांचे खबरी ठरवून आदिवासींनाच मारले आणि मृतदेहाशेजारी पत्रके ठेवली. पण गावात पाय रोवला गेला तो मजुरीच्या प्रश्नावर.

त्यांच्यासमोर उभा असलेला पोलीस शिपाई बहुतेक वेळा बाहेरच्या जिल्ह्यातला असे. गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, हे समीकरण राज्यभर सरकारी नोकरांत रूढ होते आणि अजूनही पुरते गेलेले नाही. राज्य राखीव दलाच्या कंपन्या येत, काही महिने राहत आणि परत जात. अशा जवानाला काल रात्री गावात कोण येऊन गेले हे विचारण्याइतकीही भाषा येत नसे, आणि दुभाषा घ्यावा तर त्या दुभाष्याचाच जीव धोक्यात येई. परिणामी गावकरी गप्प राही आणि त्या गप्पपणाचा अर्थ पोलीस ‘हा त्यांचा माणूस’ असा लावीत. मग पुढच्या वेळी गाव अधिकच गप्प होई. बंदुका, वायरलेस संच, गाड्या यांची टंचाई होतीच, परंतु सर्वांत मोठी टंचाई माहितीची होती.

निर्णय

अशा परिस्थितीत कोणत्याही अधीक्षकापुढे सर्वसाधारणपणे तीन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे वरून आणखी कुमक मागणे. ती सगळ्यात सोपी, कारण मागणी केल्याची नोंद राहते आणि अपयश आले तर कुमक मिळाली नाही असे म्हणता येते. दुसरी वाट शेजारी आंध्रात नुकतीच निघाली होती. १९८९ मध्ये के. एस. व्यास या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तिथे ‘ग्रेहाउंड्स’ हे खास दल उभे राहिले होते. राज्यभरातल्या पोलिसांतून निवडलेली माणसे, त्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि स्वतंत्र तळ असे त्याचे स्वरूप होते. परंतु तशी रचना राज्य सरकारच्या पातळीवर होते, ती एका जिल्ह्याच्या अधीक्षकाच्या हातातली गोष्ट नव्हे. तिसरी वाट जिल्ह्याच्या दलातूनच, जिल्ह्यातल्याच मुलांची तुकडी बांधण्याची होती.

रघुवंशींनी तिसरी वाट धरली. निवडलेल्या साठ जणांना गोंडी, माडिया किंवा तेलुगू येत होती, नाले, पहाड्या आणि पायवाटा त्यांच्या ओळखीच्या होत्या आणि पावसात चार दिवस जंगलात काढणे त्यांना नवे नव्हते. तुकडीच्या बांधणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सी-६० चे जवान छोट्या गटांत विभागले गेले, या गटाला तिथे ‘पार्टी’ म्हणतात, आणि प्रत्येक पार्टी तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते. कमांडर हा त्याच मातीतला हवालदार किंवा नाईक असू शकतो. पोलीस दलासारख्या, खांद्यावरच्या फितीवर चालणाऱ्या संस्थेत खालच्या हुद्द्याच्या माणसाचे नाव तुकडीला देणे ही लहान गोष्ट नव्हे. जंगलात कोणत्या वाटेने जायचे, कुठे थांबायचे आणि कोणत्या गावाला वळसा घालायचा, हे त्याला अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळते, याची ती उघड कबुली होती.

कामाची पद्धतही हळूहळू ठरत गेली. पार्टी पायी निघते, शिधा पाठीवर घेते, गेलेल्या वाटेने परत येत नाही आणि वाहन शक्यतो टाळते. मार्च १९९४ मध्ये दक्षिण भागातल्या अभियानांसाठी अहेरीला ‘प्राणहिता’ हे उपमुख्यालय सुरू झाले, कारण गडचिरोलीहून निघून भामरागड-सिरोंचाच्या जंगलात पोहोचेपर्यंत हाती आलेली खबर शिळी होत असे. नंतरच्या काळात जवानांना हैदराबादच्या ग्रेहाउंड्सकडे, मानेसरच्या राष्ट्रीय सुरक्षा दलाकडे आणि कांकेरच्या जंगलयुद्ध महाविद्यालयात प्रशिक्षण मिळू लागले. ‘वीरभोग्या वसुंधरा’ हे दलाचे ब्रीद झाले. ब्रीद भारदस्त आहे, पण दलाची खरी ताकद त्या संस्कृत वाक्यापेक्षा माडियात विचारलेल्या ‘काय चाललंय’ या साध्या प्रश्नात होती, असे माझे मत आहे.

सी-६० विषयी बोलताना बहुधा फक्त चकमकी सांगितल्या जातात. त्याच जवानांवर सुरुवातीपासून दुसरेही काम होते : गावात गेल्यावर लोकांशी बोलणे, सरकारी योजना सांगणे, आणि पाणी, वीज, शाळा, रेशन, एसटी यांच्या तक्रारी टिपून संबंधित खात्याकडे पोहोचवणे. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचे डॉक्टर माडिया शिकून लोकांवर उपचार करीत होते. भाषा आली की दार उघडते, हा धडा जिल्ह्यात आधीच गिरवला गेलेला होता, पोलीस खाते तिथे उशिरा पोहोचले. अर्थात डॉक्टर औषध घेऊन येतो आणि पोलीस बंदूक घेऊन, हा फरक गावाच्या नजरेतून कधीच सुटला नाही, आणि बंदूकवाल्याने टिपलेली तक्रार संबंधित खात्याने फायलीत घातली की त्या खात्याची नाचक्की पोलिसाच्याच खात्यावर जमा होत राहिली.

ती का टिकली

जिल्ह्यात नवा अधीक्षक आला की जुन्याचा उपक्रम बंद पडतो आणि नव्या नावाचा सुरू होतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जिल्हा पोलीस प्रमुखासह महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांची मुदत द्यावी असे सांगितले. ते सांगावे लागले यातच आधीची अवस्था कळते. सी-६० मात्र अधीक्षक बदलत गेले तरी चालू राहिली, वाढली आणि आज तिची संख्या मूळ साठच्या कितीतरी पट आहे.

याची दोन कारणे मला दिसतात. पहिले असे की ती अधिकाऱ्याभोवती बांधलेली नव्हती. पार्टी कमांडरची बदली मुंबईला होत नाही. जिल्हा दलातला शिपाई सामान्यतः त्याच जिल्ह्यात निवृत्त होतो, त्यामुळे अनुभव जिल्ह्यातच साचत गेला आणि जुना जवान नव्याला शिकवत राहिला. दुसरे कारण कायदेशीर चौकटीचे आहे. सी-६० चा जवान हा नियमित पोलीस आहे. त्याला वेतन, निवृत्तिवेतन, गणवेश, वरिष्ठांची शिस्त आणि चूक झाली तर खातेनिहाय चौकशी आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ पासून सलवा जुडूम या सरकारच्या पाठिंब्याने चाललेल्या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून तुटपुंज्या मानधनावर बंदुका देण्यात आल्या, आणि जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नक्षलवाद्यांविरुद्ध त्यांचा तसा वापर घटनाबाह्य ठरवून थांबवला. स्थानिक माणूस घ्यावा ही कल्पना दोन्हीकडे एकच, पण एकीकडे त्याला नोकरी मिळाली आणि दुसरीकडे फक्त बंदूक. या फरकाने बस्तरमध्ये गावेच्या गावे ओस पडली. गडचिरोलीत हिंसा कमी झाली असे मी म्हणत नाही, परंतु गावाविरुद्ध गाव उभे करण्याच्या टोकापर्यंत सरकार गेले नाही.

किंमत

‘स्थानिक’ या गुणाची दुसरी बाजू अशी की स्थानिक माणसाचे घरही स्थानिकच असते. बाहेरून आलेला जवान कंपनी बदलली की सुरक्षित होतो. सी-६० मधल्या मुलाचे आईवडील, भाऊ, बायको, शेत आणि गोतावळा त्याच जंगलाच्या कडेला असतो आणि त्याचे नाव, गाव, पाडा दलमला ठाऊक असतो. धमक्यांमुळे अनेक कुटुंबांना गाव सोडून गडचिरोली, अहेरी किंवा आलापल्लीत भाड्याने राहावे लागले. सुटीवर, लग्नाला किंवा सणाला गावी गेलेल्या पोलिसांना गाठून मारल्याच्या घटना जिल्ह्यात अनेकदा घडल्या आहेत. समोरच्या बाजूला दलममध्येही बहुतेक पोरे-पोरी आदिवासीच, आणि काही वेळा एकाच गावाची, एकाच कुळाची. जिल्ह्यात याविषयी मोठ्याने बोलले जात नाही, पण ठाऊक सर्वांना आहे.

शासनाने या जोखमीची दखल घेतली नाही असे नाही. नक्षलग्रस्त भागासाठी वाढीव वेतन, प्रोत्साहन भत्ते आणि वेगवर्धित पदोन्नती दिली गेली. पण वेगवर्धित पदोन्नती मिळालेला जवान आणि वेगाने वर चढणारा अधिकारी यांच्या वाटा सारख्या नव्हेत. गडचिरोलीतली कामगिरी अधिकाऱ्याला पुढच्या महत्त्वाच्या पदांचे दार उघडून देते. जवानाला तीच कामगिरी पुढच्या अभियानात सर्वांत पुढे चालायला लावते.

२००९ या वर्षी हे फारच स्पष्ट झाले. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा इथे १६ जण गेले आणि त्यांत ५ महिला पोलीस होत्या. ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७ जण गेले. तीन घटनांत मिळून ४८ माणसे, आणि बहुतेक याच जिल्ह्यातली. त्याच वर्षी सी-६० चे संस्थापक मुंबईत, २६/११ नंतर हादरलेल्या दहशतवादविरोधी पथकाची घडी बसवत होते. हा दोष नव्हे, नोकरीचा क्रमच तसा आहे. पण जिल्ह्यातून पाहणाऱ्याला त्या क्रमाकडे डोळेझाक करता येत नाही.

वाहनातून न जाण्याचा जुना नियम किती रक्ताने लिहिलेला आहे, हेही नंतरच्या घटना सांगतात. २७ मार्च २०१२ रोजी पुस्टोल्याजवळ भूसुरुंगाने केंद्रीय राखीव दलाचे १२ जवान गेले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात मुरमुरीजवळ सी-६० चे ७ जवान गेले, आणि १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ खासगी गाडीतून निघालेले शीघ्र कृती दलाचे १५ जवान व गाडीचा चालक गेले. तिन्ही वेळा माणसे गाडीत होती.

उलट बाजूच्या घटनाही नोंदवायला हव्यात. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर परिसरात ४० जण मारले गेले. पोलिसांनी ते सर्व नक्षलवादी असल्याचे सांगितले, तर गट्टेपल्लीच्या कुटुंबांनी आणि हक्क संघटनांनी त्यांत गावातली कोवळी मुले होती असे म्हणत प्रश्न उभे केले. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोला चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे याच्यासह २६ हून अधिक जण मारले गेले. जुलै २०२४ मध्ये वांडोलीत १२. भाषा जाणणाऱ्या दलाकडे माहिती येते आणि माहिती आली की मारण्याची ताकदही वाढते. त्या ताकदीवर नजर ठेवण्याची व्यवस्था तेवढ्याच वेगाने वाढली का, हा प्रश्न एका अधीक्षकाला विचारून भागणार नाही, तो शासनाला आणि न्यायव्यवस्थेला विचारावा लागेल.

जंगलातली खबर आणि न्यायालयातला पुरावा

आता कारकिर्दीच्या दुसऱ्या भागाकडे. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. एटीएसने आरोपी पकडले आणि २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नसल्याचे सांगून सर्वांना निर्दोष ठरवले, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांतही एटीएसने प्रथम पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले, कारण दरम्यान राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवले होते.

असे तपास अनेक अधिकाऱ्यांच्या हातून जातात आणि निकालाचा सगळा भार तत्कालीन प्रमुखावर टाकणे न्याय्य होणार नाही. मला इथे दोन प्रकारच्या कामांतला फरक दाखवायचा आहे. जंगलातल्या अभियानात खबर मिळाली की ती तपासून पाहण्याचा मार्ग म्हणजे तिथे चालत जाणे. खबर खोटी निघाली तर पार्टी दमून परत येते, खरी निघाली तर गाठ पडते. महानगरातल्या दहशतवादाच्या तपासात खबर हा फक्त पहिला धागा असतो. तिचे रूपांतर साक्षीत, पंचनाम्यात, ओळख परेडीत, फोनच्या नोंदींत आणि रासायनिक अहवालात व्हावे लागते, आणि ती साखळी दहा-पंधरा वर्षांनी बचाव पक्षाच्या उलटतपासणीतही तुटता कामा नये. लोकांचा दबाव मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच, किंबहुना शहरात जास्त : आरोपी कधी पकडणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. माहिती पटकन मिळवण्याचे जिल्ह्यातले कसब इथे अपुरे पडते. घाईने धरलेला आरोपी निर्दोष सुटतो तेव्हा त्याची उमेदीची वर्षे गेलेली असतात, मृतांच्या नातेवाइकांना न्याय मिळत नाही आणि खरा गुन्हेगार मोकळा असू शकतो. जंगलातून शहराकडे जाणाऱ्या पोलीस नेतृत्वाने यातले काय आधी शिकून घ्यायला हवे, हे प्रशिक्षण संस्थांनी गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडे हा प्रवास एकट्या रघुवंशींचा नाही. वर्धा-नागपुरात शिकलेले हेमंत करकरेही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चंद्रपूरचे पोलीस अधीक्षक होते आणि त्यांनीही नक्षलग्रस्त भाग सांभाळला होता.

गडचिरोलीचा दुसरा धडा, म्हणजे स्थानिक माणसावर विश्वास टाकण्याचा, महानगरात लागू पडतो. त्याचे उत्तम उदाहरण ठाणे आयुक्तालयाच्याच हद्दीत सापडते. १९८४ च्या भीषण दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्या समित्यांत हिंदू-मुस्लिम शेजारी आणि बीटचा शिपाई नियमित एकत्र बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. साल पाहिले तर खोपडे भिवंडीत आणि रघुवंशी गडचिरोलीत जवळपास एकाच काळात एकाच निष्कर्षावर आले होते, एकाने हत्याराशिवाय आणि एकाने हत्यारासह. मला विचाराल तर अभ्यासासाठी ही जोडी एकत्र शिकवायला हवी.

ठाण्याचे आयुक्त म्हणून रघुवंशींसमोर आलेली एक मोठी दुर्घटना दहशतवादाची नव्हतीच. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा उभी राहत असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली, आणि पोलिसांना बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक करावी लागली. शहराची सुरक्षा म्हणजे काय, याची व्याख्या अशा वेळी बांधकाम परवान्याच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोचते.

आजचा जिल्हा

१ जानेवारी २०२५ रोजी ज्येष्ठ नक्षल नेत्या ताराक्का यांनी मुख्यमंत्र्यांसमोर गडचिरोलीत आत्मसमर्पण केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली. आकडा साठचाच यावा हा योगायोग, त्यात अर्थ शोधू नये. पस्तीस वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या दलाचे मूळ काम आता आवरत आले आहे, आणि प्रकरण म्हणून पाहताना सर्वांत कमी चर्चा झालेला भाग इथे सुरू होतो.

सुरजागडच्या लोहखनिजाने भरलेले ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून दिवसरात्र धावतात, कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला आहे, आणि गावकऱ्यांच्या तोंडी नक्षलांपेक्षा अपघात आणि धूळ जास्त आहे. त्याच्या जोडीला येते जमिनीची खरेदी-विक्री, बाहेरचे मजूर, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातली चोरटी दारू आणि मोबाईलवरची फसवणूक. या कामांसाठी वेगळा पोलीस लागतो : कायद्याची कलमे नीट लावणारा, तक्रार लिहून घेणारा, न्यायालयात टिकेल असा पंचनामा करणारा. गडचिरोलीच्या शिपाई भरतीत गोंडी-माडिया भाषेचा वेगळा पेपर आजही असतो आणि तो राहिलाच पाहिजे, कारण फिर्याद लिहून घेणारा आणि फिर्याद देणारी बाई एकाच भाषेत बोलली तरच ती फिर्याद खरी उतरते.

परंतु वीस-वीस वर्षे पार्टीत चाललेल्या, आता चाळिशी-पंचेचाळिशीत आलेल्या जवानांना तपासाचे काम कोणी आणि कधी शिकवायचे, गुडघे गेलेल्यांना ठाण्यात कोणते काम द्यायचे, आणि ज्यांची कुटुंबे भीतीपोटी अहेरी-गडचिरोलीत भाड्याने राहिली त्यांनी गावच्या शेतीवर परतायचे की नाही, याचा निर्णय येत्या दोन-तीन वर्षांत जो कोणी अधीक्षक असेल त्याला घ्यावा लागणार आहे. निदान पार्टी कमांडरांना गुन्हे तपासाच्या प्रशिक्षणाला पाठवून त्यांना भामरागड, एटापल्ली, कोरचीच्या ठाण्यांत तपासी अंमलदार म्हणून बसवण्याची सुरुवात आत्ताच करता येईल. त्यासाठी मुंबईहून मंजुरीची वाट पाहण्याची गरज १९९० मध्येही पडली नव्हती.